सोळा आणे दुखणं

हरणी, बडोदे
५ डिसेंबर २००४

ती. शलाकाताईस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. निदान पाकिटावरचं अक्षर बघून तरी फाडू नकोस.

मी हालोल सोडलं. वर्षभर झालं, इथे हायवेवरच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात आहे. इस्पितळात कमी आणि ॲम्ब्युलन्समध्ये जास्त. अपघाताचा फोन आला की ड्रायव्हर, सुभाष पवार नावाचा आमचा अटेंडंट आणि मी, तिघं निघतो. सुभाष रावपुऱ्याचा, आपल्यातलाच. पन्नाशीचा आहे. चालत्या गाडीत, खड्ड्यातून जाताना, औषध भरताना त्याचा हात हलत नाही. मला तो नसला की चुकल्यासारखं होतं.

ऑगस्टपासून आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. हाडं मोडलेल्या, चेंगरलेल्या माणसाला इस्पितळात पोचेपर्यंत तळमळत न ठेवता गाडीतच दुखणं कमी करणारं इंजेक्शन द्यायचं. त्यासाठी मॉर्फिन चांगलं की केटामीन, ते पाहायचं. माणसाची परवानगी घ्यायची, मग सीलबंद पाकीट फोडायचं. आतल्या चिठ्ठीवर दोनपैकी एक नाव असतं. निवड आमची नाही, चिठ्ठीची. आमचे मोठे डॉक्टर, जयवंतराव, म्हणतात की हे नीट पार पडलं तर इतर गाड्यांनाही दाखवता येईल.

दुखणं तीनदा विचारायचं. इंजेक्शनच्या आधी, दहा मिनिटांनी, आणि पोचल्यावर. शून्य ते दहात किती, असं विचारलं की आपल्याकडची वयस्कर माणसं नुसती तोंडाकडे बघतात. म्हणून मी आणे विचारतो. रुपयात किती आणे दुखतंय? मग लगेच उत्तर येतं. मागच्या आठवड्यात एका बाईंना केटामीन दिलं. चौदा आण्यांवरून दोनवर आल्या आणि डोळे फिरवत मला म्हणाल्या, "भाई, हुं तो सुरसागर उपर ऊडुं छुं!" म्हणजे, मी तर सुरसागर तळ्यावर उडतेय! सुभाष इतका हसला की सलाईनची बाटली धरायची विसरला.

हे तुला का सांगतोय ते तुला कळलं असेल. चार वर्षांपूर्वी तू आणि आई पावागडहून परतताना ट्रकनं जीपला उडवलं, तुम्हांला माझ्याच हालोलच्या दवाखान्यात आणलं, आणि तिथून बडोद्यापर्यंतची पन्नास मिनिटं आई ओरडत होती. मी डॉक्टर असून शेजारी बसून होतो. दुसऱ्या दिवशी ती गेली. तेराव्यानंतर तू साताऱ्याला निघालीस आणि दाराशी एवढंच म्हणालीस, "तुझ्या हातात होतं, समर."

ताई, तेव्हाचा नियमच तो होता. सर्जननं तपासल्याशिवाय दुखणं दाबायचं नाही. वरिष्ठांनी मला तसंच बजावलं होतं. तो नियम आता बदलावा म्हणून मी खपतोय. एवढं तुला कळावं.

समर


हरणी
१६ जानेवारी २००५

ती. ताईस,

उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही.

संक्रांतीला, उत्तरायणात, आमची गाडी थांबतच नाही, तुला माहीत आहे. चौदाला पतंगाच्या मांज्यानं गळा चिरलेले दोन स्कूटरवाले. काल दुसऱ्या दिवशी, वाशी उत्तरायणाला, दुपारी अडीचला, अकोट्याच्या एका सोसायटीत गच्चीवरून माणूस पडला. गणपतराव निंबाळकर, वय अठ्ठावन्न. नातवाचा पतंग काढायला कठड्यावर चढले होते. मांडीचं हाड बाहेर आलेलं. आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंग कापल्याचं 'काप्यो छे' आणि भोंगे चालूच. खाली हा माणूस दात आवळून पडलेला.

"किती आणे, काका?"

"सोळा. सतरा असतील तर सतरा."

परवानगी त्यांनीच दिली. पाकीट फोडलं, मॉर्फिन. माझे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. सुभाषनं भरून दिलं, मी हळूहळू सोडलं. दहा मिनिटं झाली. "सोळा." दुसरा डोस द्यायची मुभा आहे, तोही दिला. विश्वामित्रीच्या पुलावर गर्दीत गाडी अडकली आणि गणपतराव ओरडायला लागले. ताई, तो आवाज मला ओळखीचा आहे. मोठ्या माणसाचा आवाज लहान होत जातो. शेवटी ते आईला हाक मारत होते. मागे त्यांचा नातू बसला होता, तो कानांवर हात ठेवून.

पण मला अजून एक दिसलं, आणि ते कुणाला बोललो नाही. मॉर्फिन अंगात गेलं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. एवढ्या मॉर्फिननंतर त्यांच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या होत्या. मी टॉर्च मारून तीनदा पाहिलं.

माणसामाणसांत फरक असतो. तसंही असेल.

समर


हरणी
२४ जानेवारी २००५

ताई,

तसं नव्हतं.

सोमवारी अभ्यासाचे सगळे कागद काढून बसलो. शेहेचाळीस पेशंट. त्यातले बावीस मॉर्फिनचे. त्या बाविसांतल्या आठ जणांना कणभरही आराम नाही, आधी जेवढे आणे नंतर तेवढेच. आठही वेळा पाळी सुभाषची.

गुरुवारी करजणजवळ एक क्लीनर टेम्पोखाली सापडला. पाकिटात मॉर्फिन निघालं. सुभाषनं सिरिंज पुढे केली. मी म्हटलं, "ती ठेव. नवी ॲम्प्यूल दे, मी भरतो."

तो थांबला. गाडी ऐंशीच्या वेगात, पेशंट विव्हळतोय, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. त्यानं ॲम्प्यूल दिली. मी भरलं, मी दिलं. आठ मिनिटांत तो क्लीनर पंधरावरून पाचवर आला, बाहुल्या बारीक झाल्या, आणि त्यानं पाणी मागितलं. सुभाष खाली बघत बँडेज गुंडाळत होता. इस्पितळात उतरल्यावर एवढंच म्हणाला, "साहेब, रविवारी घरी या. मग काय करायचं ते करा."

काल चार वाजता गेलो. रावपुऱ्यात टॉवरच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्याची बायको प्रेमलाबाई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. स्तनाचा कॅन्सर, आता मणक्यात गेलाय. माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या इस्पितळाचे उपकार आहेत. दिवाळीत मी भिंतीला डोकं आपटून घेत होते. आता इंजेक्शन लागलं की दोन भाकऱ्यासुद्धा थापते. असं दुसऱ्या कुठल्या इस्पितळानं दिलं असतं का?"

त्यांना वाटतं, इस्पितळ देतं.

सुभाषनं जिन्यात सगळं सांगितलं. तो ॲम्प्यूल फोडायचा, मॉर्फिन एका सिरिंजमध्ये ओढून खिशात, आणि माझ्या हातात नुसतं सलाईन. रिकाम्या ॲम्प्यूल मोजून बरोबर भरायच्या, म्हणून कुणाला कळलं नाही.

मी विचारलं, "तू समोर बसून ऐकत होतास ना त्यांना? गणपतरावांना?"

"ऐकत होतो."

"मग?"

"साहेब, त्यांचं अर्धा तास. पोचले की कुणीतरी काहीतरी देतं. हिचं रात्रंदिवस. डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिलीय, बघा, ही. रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत एकही दुकान सोडलं नाही. मॉर्फिन म्हटलं की हात जोडतात. परवाना नाही, पोलीस येतात, म्हणतात. मी काय करायचं होतं?"

वरून प्रेमलाबाई त्याला हाक मारत होत्या, साहेबांना शेंगा बांधून दे म्हणून.

हा गुन्हा साधा नाही, अमली पदार्थांचा कायदा आहे. दहा वर्षं आत जाऊ शकतो. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता गाडीत औषध मीच भरतो, त्यामुळे पेशंटचं नुकसान थांबलंय. बाकी काय करायचं ते ठरवतोय. तू असतीस तर विचारलं असतं.

समर


हरणी
१३ फेब्रुवारी २००५

ताई,

मागच्या पत्रात 'ठरवतोय' लिहिलं. त्या वेळी मी ठरवून मोकळा झालो होतो, फक्त तुला सांगायची हिंमत नव्हती.

पेशंटला पूर्ण ॲम्प्यूल लागली नाही तर उरलेलं साक्षीदारासमोर ओतून टाकायचं आणि दोघांनी सही करायची. मी सही केली, पण औषध ओतलं नाही. सिरिंजला टोपण लावून सीटवर ठेवायचो आणि खिडकीबाहेर बघायचो. चार वेळा. आम्ही एकदाही त्यावर बोललो नाही. मला वाटायचं, यात कुणाचं वाईट होतंय? पेशंटला त्याचं मिळालं, प्रेमलाबाईंना त्यांचं.

मग मंगळवारी जयवंतरावांनी बोलावलं. खुशीत होते. "समरजित, आकडे पाहिलेत? केटामीन सरळसरळ वरचढ! मॉर्फिनच्या दर तिघांतल्या एकाला उपयोगच नाही. मार्चमध्ये अहमदाबादला परिषद आहे, तिथे मांडतो. आणि आपल्या गाडीतून मॉर्फिन काढूनच टाकू. परवान्याची कटकट जाईल."

मी तिथे उभा होतो. जे औषध परवान्याच्या भीतीनं कुणी दुकानात ठेवत नाही, ते आता माझ्या आकड्यांच्या जोरावर गाडीतूनही जाणार होतं. बाकीच्यांनी तो निष्कर्ष खरा मानला असता. ज्याला केटामीन चालत नाही, त्याला मग काहीच नाही. आणि त्या निष्कर्षातली आठ माणसं नुसत्या पाण्यावर ओरडली होती.

मी सगळं सांगितलं. सुभाषचं आणि माझंही.

बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "हे या खोलीबाहेर जाणार नाही. ते आठ पेशंट काढून टाका. नोंदी अपूर्ण म्हणून लिहा. बाकीच्यांवर निष्कर्ष काढू."

"सर, आठांचं मला कळलं, कारण त्यांना काहीच मिळालं नाही. बाकीच्यांतल्या कितींना अर्धंच मिळालं, मला माहीत नाही. मॉर्फिनचा एकही आकडा खरा धरता येणार नाही."

"सहा महिन्यांचं काम आहे हे."

"हो."

"तुम्ही सही करणार नाही?"

"नाही."

"पोलिसांत दिलं तर तुम्हीही जाल, एवढं कळतंय ना तुम्हांला?"

मी हो म्हटलं. शौर्याचं काही नव्हतं त्यात.

पाच दिवस त्यांच्या निरोपाची वाट बघतोय. जिन्यात बूट वाजले की पोलीस वाटतात. सुभाषला सांगायला गेलो होतो. तो मारेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं, "आहे ते किती दिवस पुरेल?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "बुधवारपर्यंत."

समर


हरणी
२० मार्च २००५

ताई,

पोलिसांत दिलं नाही. ट्रस्टला आपलं नाव पेपरात नको होतं. सुभाषकडून राजीनामा घेतला, माझ्याकडूनही. अभ्यास बंद केला. अहमदाबादच्या परिषदेत जयवंतराव काही बोलले नाहीत, एवढं मला कळलं. मी सध्या वाडीतल्या एका दवाखान्यात सर्दी-खोकले बघतो.

त्या बुधवारच्या आदल्या दिवशी मी सुभाष आणि प्रेमलाबाईंना भाड्याच्या गाडीतून अहमदाबादला कॅन्सरच्या इस्पितळात नेलं. वाटेत त्या प्रत्येक खड्ड्याला माझा दंड धरत होत्या. पाच तास रांगेत गेले, चार कागद भरले, आणि खिडकीतून दोन आठवड्यांच्या मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. साध्या, गिळायच्या गोळ्या. कायद्यानं. दोन तासांच्या अंतरावर होत्या त्या, आणि बडोद्यात आमच्यातल्या एकाही डॉक्टरनं त्यांना सांगितलं नव्हतं. मीसुद्धा शोधलं ते सगळं हाताबाहेर गेल्यावर. जिन्यात त्यानं 'मी काय करायचं होतं' विचारलं तेव्हाच शोधायला हवं होतं. त्याऐवजी मी सिरिंजला टोपण लावत बसलो.

सुभाष पावती हातात धरून भिंतीशी खाली बसला आणि रडला. प्रेमलाबाईंना कळेना, गोळ्या मिळाल्यावर हा रडतोय का. मग त्यानं तिथेच त्यांना सगळं सांगितलं. परतीच्या वाटेवर त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. घर आल्यावर मला म्हणाल्या, "त्या आठ जणांची नावं मला लिहून द्याल?" मी दिली नाहीत. ते बरोबर नव्हतं. पण त्या आठांकडे मला जायला हवं, हे तेव्हा कळलं.

पाच जणांचे पत्ते मिळाले. एकानं दार लावून घेतलं. एकीनं शिव्या दिल्या, त्या मी उभा राहून ऐकल्या. काल गणपतरावांकडे गेलो. कुबड्या घेऊन चालतात आता. मी सांगितलं की तुम्हांला त्या दिवशी औषध मिळालंच नाही, दोन्ही वेळा पाणी होतं. औषध कुणी काढलं आणि कुणासाठी, तेही सांगितलं. त्यांनी कुबडी भिंतीला टेकवली. मग म्हणाले,

"म्हणजे मी भित्रा नव्हतो?"

मला कळलं नाही.

"अहो, आजोबा पागेत होते आमचे. सरकारच्या फौजेत. आणि मी दोन दोन इंजेक्शनं घेऊनही पोरासारखा रडलो, नातवासमोर. तेव्हापासून त्याच्याकडे सरळ बघितलेलं नाही. वाटायचं, औषध तर दिलं, मलाच सोसवत नाही." मग त्यांचा आवाज चढला. "त्या माणसाला सांगा, मी त्याला माफ करणार नाही. तुम्हांलाही इतक्यात नाही." मी उठलो. दारापर्यंत आल्यावर मागून त्यांनी विचारलं, "त्याच्या बायकोला मिळतंय का आता औषध?"

घरी येऊन ताई, मी आईचा विचार केला. तिलाही वाटलं असेल का, की डॉक्टर मुलगा शेजारी बसलाय, त्याला जमेल ते त्यानं केलंय, आता आपल्यालाच सोसत नाही? शेवटी ती "चुकलं बाळा, चुकलं" म्हणत होती, आठवतं? मला तेव्हा वाटलं, भ्रमात बोलतेय.

म्हणून आता खरं लिहितो. नियमाचं मी तुला खोटं सांगितलं. वरिष्ठांनी बजावलं नव्हतं. हालोलहून निघताना ते म्हणाले होते, "तुला योग्य वाटलं तर दे." माझ्याकडे ॲम्प्यूल होती. मी भरली होती. घाबरलो. तिचा रक्तदाब आणखी उतरेल, श्वास थांबेल आणि तिला मी मारलं असं होईल, म्हणून घाबरलो. आणि ती भरलेली सिरिंज खिडकीतून फेकून दिली. थोडी थोडी देऊन बघता आली असती. आज मी तेच करतो, रोज करत होतो. तेव्हा मला स्वतःला वाचवायचं होतं.

माझ्या हातात होतं, असं तू म्हणालीस. होतं.

माफी मागत नाही. फक्त ही गोष्ट माझ्या एकट्याची आहे आणि तू त्यात कुठेही नाहीस, एवढं लक्षात ठेव.

समर


सातारा
२८ मार्च २००५

समर,

तुझी पाचही पत्रं मिळाली. डिसेंबरचं आलं तेव्हा ते कपाटात ठेवलं, फाडलं नाही. पहिल्याच पत्रात नियमाचं वाचून मला तुझा राग आला होता. खोटं बोललास म्हणून नव्हे. कुणासाठी बोललास ते मला माहीत होतं, म्हणून.

शेवटच्या पत्रातही तू ते लिहिलं नाहीस. तर मी लिहिते. शाळेत पोरींना खरं बोला म्हणून शिकवते आणि चार वर्षं हे गिळून बसले आहे.

तू सिरिंज भरलीस. तिच्या सलाईनच्या नळीला सुई लावलीस. मी तुझं मनगट धरलं. म्हणाले, "नको समर. झोपली तर उठायची नाही ती." तू म्हणालास, "ताई, थोडंच देतो." मी म्हणाले, "माझी शपथ आहे तुला." तू माझ्याकडे बघितलंस आणि सुई काढलीस. सिरिंज खिडकीतून तू फेकली नाहीस. तुझ्या हातातून घेऊन मी फेकली.

नंतरची चाळीस मिनिटं तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दुसऱ्या दिवशी ती तशीही गेली. दाराशी मी तुला जे म्हणाले, ते म्हटल्याशिवाय मला त्या घराबाहेर पडता आलं नसतं. दोघांपैकी एकाच्या हातात होतं म्हणायचं, तर तुझ्या म्हणाले. आणि तू ते उचललंस, आणि आजतागायत खाली ठेवलं नाहीस. माझ्याजवळसुद्धा नाही. फोन मी उचलत नव्हते, कारण तू मला एकदा तरी 'तूच नको म्हणालीस' असं म्हणशील याची भीती होती. तू कधी म्हणणारच नव्हतास, हे कळायला मला पाच पत्रं लागली.

शाळेच्या परीक्षा नऊ एप्रिलला संपतात. दहाला रविवारी मी बडोद्याला येते. प्रेमलाबाईंना भेटायचं आहे, त्या बोलणार असतील तर.

आणि तुला एक विचारायचं आहे. भाऊ म्हणून सांगू नकोस, डॉक्टर म्हणून सांग. त्या दिवशी मी हात धरला नसता आणि तू ते दिलं असतंस, तर तिचं दुखणं थांबलं असतं का?

माझ्यासाठी उत्तर बदलू नकोस. असेल ते ऐकायलाच येतेय.

ताई